तक्ता क्रमांक तीन

गठ्ठ्याची सुतळी प्रभानं नेहमीसारखी ब्लेडनं कापली आणि वरची प्रत उचलली, तेव्हा तिच्या मनात एवढंच आलं की कागद गुळगुळीत आहे, चांगला आहे. टपाल फोडणं हे तिचं काम नव्हतं. ती संशोधन सहायक होती. पण शेती संशोधन केंद्रात आल्यापासून पाच वर्षं सिद्रामप्पा शिपाई टपाल तिच्याच टेबलावर आणून ठेवायचा, आणि टेबलावर आलेलं काम परत पाठवायची तिला सवय नव्हती. पहिल्या पानावर इंग्रजीत लांबलचक मथळा होता. सोलापूर भागातल्या जनावरांमध्ये ज्वारीच्या कोवळ्या खोडव्यातलं विष सोसण्याची ताकद. हे शब्द तिनं इतक्या वेळा टाइप झालेले पाहिले होते की ते तिनं वाचलेच नाहीत, नजर सरळ खाली गेली. पहिलं नाव तिच्या वरिष्ठांचं, कोनापुरे साहेबांचं होतं. दुसरं सहकारी मुकुंदचं. दुसऱ्या नावाच्या पुढे पूर्णविराम होता, आणि त्याच्यापुढे पांढरा कागद. तिनं पान उलटलं. तिसरं नाव चुकून मागच्या बाजूला गेलं असेल असं तिला खरोखरच वाटलं होतं. मग ती शेवटच्या पानावर गेली. तिथं अगदी बारीक अक्षरांत क्षेत्रकामात मदत करणाऱ्या कर्मचाऱ्यांचे आभार मानले होते.

खिडकीबाहेर कुणीतरी सायकल लावत होतं. स्टँड दोनदा घसरला. त्या आवाजात तिला जाणवलं की आपल्याला राग आलेला नाही. छातीत कुठंतरी आवळून बसलेलं काहीतरी सुटलं होतं, आणि ते सुटल्याचा सुखद ओलावा थेट तळहातांपर्यंत आला होता. नाव नाही. म्हणजे आपण यात नाही. रस्ता ओलांडताना मागून ट्रक अगदी घासून जावा आणि दोन पावलांनंतर कळावं की आपण जिवंत आहोत, तसं. मग लगेच त्या सुखाचीच भीती वाटली. आठ महिने ज्या तिसऱ्या नावाची आपण वाट पाहिली, ते नसल्याचं सुख कशाचं? तिला ते माहीत होतं. तिनं प्रत बंद केली, पुन्हा उघडली आणि न शोधताही तक्ता क्रमांक तीनचं पान समोर आलं. डाव्या बाजूला घरांचे क्रमांक, मग जनावरं, मग खोडव्याचं वय, मग विषाचं प्रमाण. शेवटून दुसऱ्या रकान्यावर लिहिलं होतं, हिरव्या चाऱ्यापूर्वी दिलेली कोरडी वैरण. त्या रकान्यात वरपासून खालपर्यंत चोवीस शून्यं होती. छापखान्यानं ती अगदी एकाखाली एक, गोल आणि काळी छापली होती. ती शून्यं तिची होती.

ज्वारी कापल्यावर जमिनीत जो बुडखा राहतो त्याला पाऊस किंवा विहिरीचं पाणी मिळालं की पुन्हा कोंब फुटतात. तो खोडवा. दिसायला हिरवागार, मऊ, जनावरानं वास घेताच मान लांब करावी असा. पण कोवळेपणी त्याच्या पानात विष असतं, आणि पाण्याचा ताण बसला तर जास्तच. उपाशी जनावरानं तो पोटभर खाल्ला की ते थरथरतं, धापा टाकतं, पडतं. गावात याला किराळ लागणं म्हणतात. प्रभानं ते एकदाच पाहिलं होतं, बहात्तरच्या दुष्काळात, गुरांच्या छावणीवर नेमणूक असताना. दावं तोडून एक बैल बांधावरच्या ज्वारीच्या फुटव्यात शिरला होता. त्याला हाकलून आणेपर्यंत पंधरा मिनिटं झाली असतील. बैल परत येताना वाटेतच गुडघ्यांवर बसला, जणू काही कुणी त्याला बसायला सांगितलं होतं. त्याच्या तोंडाला फेस आला. त्याचे डोळे मात्र शेवटपर्यंत शांत होते, त्याला कळलंच नव्हतं की हिरव्यात काही वाईट असू शकतं. त्यानंतर प्रयोगशाळेत पानं ठेचून ती परीक्षानळीत घालताना, वर पिवळ्या कागदाची पट्टी लोंबती ठेवून बूच लावताना, तिला ते डोळे आठवायचे. विष असेल तर पट्टी पिवळ्याची नारिंगी होते, फार असेल तर विटेसारखी लाल. वळसंगहून आणलेल्या पस्तीस दिवसांच्या खोडव्यानं पट्टी लाल व्हायची. तरी वळसंगची जनावरं तो खात होती आणि उभी होती.

कोड्याची सुरुवात तिथून झाली होती. साहेबांनी दोन हंगाम प्रभाला वळसंगला पाठवलं. ती सकाळच्या एस.टी.नं निघायची, नऊला तिथं उतरायची, चोवीस घरांमधून पानांचे नमुने गोळा करायची, जनावरांच्या डोळ्यांच्या कडा पाहायची, आणि संध्याकाळच्या गाडीनं परत. घरोघरी काय खाऊ घालतात याचे फॉर्म मुकुंदनं आधीच भरले होते. तो तिच्यानंतर दोन वर्षांनी नोकरीला लागला होता, वागायला चांगला होता, तिला प्रभाताई म्हणायचा. त्यानं फॉर्म भरले ते मारुतीच्या देवळापुढं, कर्त्या पुरुषांना बसवून. सकाळी हिरव्याआधी काय घालता, या प्रश्नाला सगळ्यांनी एकच उत्तर दिलं होतं. काय न्हाय, सरळ हिरवंच. काही फॉर्मवर तो प्रश्न कोराच राहिला होता, बहुधा चहा आला असेल. तक्ता बनवताना प्रभानं जिथं काय न्हाय होतं तिथं शून्य लिहिलं, आणि जिथं कोरं होतं तिथंही शून्य लिहिलं. नीटस दिसावं म्हणून. तिचं अक्षर चांगलं होतं, आणि चांगल्या अक्षरात सगळं खरं वाटतं.

साहेबांनी तक्ता पाहून टेबलावर बोटं वाजवली होती. विष आहे, कोरडी वैरण शून्य आहे आणि जनावर मरत नाही, म्हणजे ताकद जनावरात आहे. पिढ्यानपिढ्या दुष्काळात राहून आलेली ताकद. असं कुणी म्हटलं नव्हतं आजवर. त्या दिवशी साहेब तिच्याशी पहिल्यांदा खुर्ची पुढे ओढून बोलले. हा पेपर म्हणजे नुसती आकडेमोड नाही, गावच्या अर्थव्यवस्थेचा प्रश्न आहे, पस्तीस दिवसांत हिरवा चारा मोकळा झाला तर कोरडवाहू शेतकऱ्याला दूध विकता येईल, शेण मिळेल, गोबर गॅस चालेल, एकावर एक सगळं उभं राहील, असं ते म्हणाले. आणि तुमचं नाव तिसरं टाकू, असंही म्हणाले. ती घरी गेली तेव्हा तिच्या वडिलांनी, वेणीमाधव मास्तरांनी, ते नाव पाटीवर लिहून पाहिलं. पी. व्ही. मोहोळकर. त्यातला व्ही. आपला, म्हणून ते हसले होते.

फेब्रुवारीत तिची संध्याकाळची गाडी चुकली आणि ती वळसंगला काशम्माच्या घरी राहिली. काशम्मा चाळिशीची असेल, गळ्यात लिंगाची डबी, बोलता बोलता कानडीत जाऊन परत मराठीत यायची. पहाटे उजाडण्याच्या आत प्रभाला जाग आली ती खसखस आवाजानं. ती गोठ्याच्या दारात गेली. काशम्मा पदर खोचून वाकली होती आणि शेण काढत होती, आणि दोन्ही बैल, गाय, कालवड, सगळी माना खाली घालून मुकाट्यानं वाळका कडबा चावत होती. प्रत्येकाच्या पुढ्यात अर्धी पेंढी. प्रभानं विचारलं, हे रोज घालता? काशम्मानं वर न बघता सांगितलं, रोजच की.

"मग सकाळी काही घालत नाही, असं धोंडप्पांनी का लिहून दिलं?"

धोंडप्पा म्हणजे तिचा नवरा. काशम्मानं शेणाची पाटी उचलून कमरेवर घेतली आणि तिला हसूच आलं.

"त्येनी निजल्यालं असत्यात, त्येंना काय ठावं? अन् ही काय वैरन व्हय, बाई? शेन काडताना जनावर गप हुबं ऱ्हावं म्हनून टाकायचं. तोंड गुतलं की लाथ मारत न्हाय. हे कुनी लिवतंय व्हय?"

सगळ्या घरांत असंच का, असं प्रभानं विचारलं, आणि काशम्मानं तिच्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू या शिकलेल्या बाईला दात घासायचे असतात हेही सांगावं लागणार. शेण कुठल्या घरात काढत नाहीत? नऊ वाजता ती बसमधून उतरायची तोवर प्रत्येक गोठा झाडून, सारवून लख्ख असायचा. कडब्याचं चिपाडही राहिलेलं नसायचं. जनावरं अर्ध्या भरल्या पोटी हिरव्याकडे जात होती, हळूहळू खात होती, म्हणून जगत होती. ताकद जनावरात नव्हती. ती बायकांच्या एका सवयीत होती, जिला बायका स्वतःही काम म्हणत नव्हत्या.

ती दुसऱ्या दिवशी साहेबांच्या खोलीच्या दारात उभी राहिली. आत टायपिस्ट शेवटची पानं घेऊन बसला होता. तिनं वाक्य तयार केलं होतं, सर, एक गोष्ट राहिली आहे. साहेबांनी मान वर करून म्हटलं, या मोहोळकर, तुमचं नाव आत्ताच टाइप झालं बघा. आणि प्रभानं म्हटलं, थँक यू, सर. एवढंच म्हटलं आणि ती परत फिरली. वऱ्हांड्यातून स्वतःच्या टेबलापर्यंत सतरा-अठरा पावलं होती. त्या प्रत्येक पावलाला तिला वळता आलं असतं. पेपर मार्चमध्ये गेला. मग कधीतरी, कुठल्यातरी दुपारी, तिसरं नाव कुणीतरी काढलं. आणि तिचं गप्प बसणं मात्र तसंच आत राहिलं, चोवीस शून्यांत.

छापील प्रती आल्या त्या दुपारी साहेबांनी सगळ्यांना पेढे वाटले. मुकुंदनं तिच्या टेबलाशी येऊन सांगितलं की प्रभाताई, मला खरंच माहीत नव्हतं, साहेब म्हणाले की नियतकालिकाला दोनच नावं बरी वाटतात. तिनं बरं म्हटलं. साहेबांनी मात्र लपवाछपवी केली नाही. त्यांनी तिला बोलावून पेढा दिला, पुढच्या पेपरात नक्की बघू म्हणाले, आणि हसत म्हणाले की शिवाय उद्या तुमचं लग्न झालं की आडनाव बदलणार, मग एकाच बाईचे दोन लेखक व्हायचे, नसता घोटाळा. टायपिस्ट हसला. प्रभाही हसली. हसताना तिला पेढ्याचा गोळा टाळूला चिकटलेला जाणवत होता. मग साहेबांनी ड्रॉवरमधून एक लांबट कागद काढून तिच्यापुढं ठेवला. पत्रकाचं प्रूफ होतं. तुमच्या वडिलांची कन्या तुम्ही, शुद्धलेखन बघून टाका, म्हणाले, परवा वैरागचा बाजार आहे, पाच हजार प्रती वाटायच्या आहेत, वरून विचारणा झाली आहे. आणीबाणीच्या त्या वर्षी वरून सारखीच विचारणा व्हायची. कचेरीच्या भिंतीवर शिस्तीचे फलक लागले होते आणि सगळे दहाच्या ठोक्याला हजर असायचे. प्रूफावर ठळक अक्षरं होती. शेतकरी बंधूंनो, खोडवा पस्तीस दिवसांचा झाला की जनावरांना निर्धास्त घाला.

घरी जाताना ती भागवत टॉकीजवरून न जाता लांबच्या रस्त्यानं गेली. पाळी सुटल्याचा गिरणीचा भोंगा झाला आणि रस्ता सायकलींनी भरला. इतक्या माणसांत आपल्याला कुणी ओळखत नाही याचं तिला पुन्हा तसंच सुख वाटलं, आणि पुन्हा तशीच भीती. ती मनात हिशेब मांडत राहिली, पुन्हा पुन्हा, तोच. काही बोललं नाही तर काय होईल? कदाचित काहीच नाही. वैरागच्या बायकाही शेण काढत असतील, त्याही अर्धी पेंढी टाकत असतील. पण यंदा कडबा कुठं आहे? दिवाळीआधीच कडब्याच्या गंजी संपल्या होत्या, म्हणून तर साहेबांना खोडव्याची घाई. कडबा नसेल तर पुढ्यात काय टाकतील? काहीच नाही, आणि मग जनावर रिकाम्या पोटी हिरव्यात तोंड घालेल. पत्रकात लिहिलंय म्हणून माणूस ते स्वतःच्या हातानं घालेल, कौतुकानं. एखादं जनावर पडलं तर चौकशी होईल, आणि चौकशीत नाव निघेल ते साहेबांचं. तिचं नाव कुठंच नाही. जगात कुठल्याच कागदावर नाही. ती पूर्ण सुरक्षित होती. ते इतकं पूर्ण होतं की तिला मध्येच थांबून एका दुकानाच्या पायरीवर बसावं लागलं.

घरी वऱ्हांड्यात मास्तरांची शिकवणी चालली होती. पेठेतली सात-आठ मुलं संध्याकाळी यायची, मास्तर पैसे घ्यायचे नाहीत, फक्त पाय धुऊन बसा म्हणायचे. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी त्यांचा आवाज वर्गातलाच होता, हळू, प्रत्येक शब्दाला बसायला जागा देणारा. एका मुलीची पाटी त्यांच्या हातात होती. तिला एक गणित आलं नव्हतं आणि तिनं उत्तराच्या जागी शून्य लिहिलं होतं. मास्तर तिला रागावले नाहीत. त्यांनी विचारलं, तुझ्या आईच्या डब्यात किती लाडू आहेत? मुलगी म्हणाली, मला काय माहीत, मी बघितले नाहीत. मग शून्य आहेत का, असं मास्तरांनी विचारलं. मुलीनं विचार करून मान हलवली. "मग इथं शून्य लिहू नको, बाळ. इथं कोरं ठेव. कोरं ठेवायला लाज वाटते, पण ठेवावं. म्हणजे दुसऱ्याला कळतं की इथं अजून बघायचंय." मुलीनं थुंकी लावून शून्य पुसलं. प्रभा चपला काढायच्या विसरून उंबऱ्यात उभी होती. मास्तरांनी तिच्याकडे पाहून विचारलं, आला का गं पेपर? तिनं सांगितलं, अजून नाही, अण्णा. आणि आत गेली. कळशीतलं पाणी तांब्यात ओतताना अर्धं पाणी जमिनीवर गेलं. ती ते फडक्यानं पुसत बसली, कोरडं झाल्यावरही.

सकाळी ती साहेबांच्या दारात उभी राहिली तेव्हा तिच्याजवळ तयार केलेलं वाक्य नव्हतं. तिला फक्त एवढं ठाऊक होतं की या वेळी आत गेल्याबरोबर बोलायचं, ते काही म्हणण्याच्या आत. ती बोलली. तक्ता क्रमांक तीन चुकीचा आहे. कोरी जागा होती तिथं मी शून्यं लिहिली. सकाळी बायका कडबा घालतात, ते पुरुषांना माहीत नाही. जनावरांमध्ये काही ताकद नाही, सर. साहेबांनी पेनचं टोपण लावलं. त्यांनी हे तुम्हाला कधी कळलं असं विचारलं, तिनं फेब्रुवारी सांगितला. पेपर मार्चमध्ये गेला, हे दोघांनाही ठाऊक होतं. ती आरडाओरड्याची वाट पाहत होती. नोकरी तात्पुरती होती, दर मार्चला तिची मुदत वाढवली जायची, त्याची ती रात्रभर तयारी करून आली होती. पण साहेबांनी पेपरची एक प्रत घेतली, तिच्याकडे वळवून धरली, आणि अगदी मायेनं विचारलं,

"यात तुमचं नाव कुठं आहे, मोहोळकर?"

"नाही, सर."

"मग चूक तुमची कशी? ज्याचं नाव, त्याची चूक. इथं आमची दोघांची नावं आहेत, आणि आम्हाला चूक दिसत नाही."

ते पुढेही बोलत राहिले, हळू आवाजात. एक बाई पहाटे काही म्हणाली, याला संशोधन म्हणत नाहीत. तुम्ही थकलात, दोन दिवस रजा घ्या. मार्चला तुमची फाईल माझ्याकडे येते, मला तुमच्याविषयी चांगलंच लिहायचं आहे. तिला वाटलं, आपण कुठल्यातरी खोल जागी बोलतोय आणि आवाज वर येतच नाही. ती आपला अपराध घेऊन आली होती, आणि तोही तिचा नाही असं तिला सांगितलं जात होतं. बाहेर पडताना साहेबांनी मागून आठवण केली, जाता जाता प्रूफ तेवढं छापखान्यात टाका, शुद्धलेखन बघितलंत ना? ती हो म्हणाली.

सिद्धप्पाचा छापखाना बाळीवेशीच्या आतल्या बोळात होता. एक ट्रेडल मशीन, अक्षरांच्या शिशाच्या खिळ्यांचे खण मांडलेले चार घोडे, आणि रॉकेल नि शाईचा वास. केंद्राची सगळी पत्रकं इथंच छापली जायची आणि मराठी प्रुफांवर नेहमी प्रभाचीच सही असायची, छापण्यास हरकत नाही. सिद्धप्पा तिला ती दहा वर्षांची पोर असल्यापासून ओळखत होता, तो मास्तरांच्या हाताखालून गेला होता आणि अजून ते दिसले की विडी लपवायचा. तिनं त्याच्या बाकावर बसून प्रूफ मांडीवर घेतलं. पस्तीस दिवसांची ओळ खोडली. मार्जिनमध्ये लिहिलं, खोडवा निसवल्याखेरीज, कणीस बाहेर आल्याखेरीज, घालू नका. घालायचा तेव्हाही आधी अर्धी पेंढी कोरडा कडबा घाला. कडबा नसेल तर भूस घाला. उपाशी जनावर हिरव्यात सोडू नका. लिहिताना तिला कळत होतं की हात थांबला तर पुन्हा चालणार नाही. सिद्धप्पानं चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि वाचलं.

"प्रभाक्का, हे शुद्धलेखन न्हाय. हे पत्रकच दुसरं झालंय की. साहेबांनी सांगितलंय?"

हो म्हणायला काहीच लागलं नसतं. शब्द तिच्या दातांमागं आला होता. ती नाही म्हणाली. सिद्धप्पानं कागदाच्या तळाशी बोट ठेवलं. मग त्यानं हळू आवाजात सांगितलं की मग खाली साहेबांचं नाव ठेवता येत नाही, उद्या ते म्हणायचे माझ्या नावावर भलतंच छापलं. तिनं ते काढायला सांगितलं. सिद्धप्पानं मान हलवली. बिननावाचं पत्रक तो छापणार नव्हता. एरवी छापलं असतं, पण यंदा नाही, यंदा बिननावाचा कागद दिसला की पोलीस आधी मशीनला कुलूप लावतात. कुणाचं तरी नाव पाहिजे, पूर्ण, पत्त्यासकट. तो हे धाक दाखवून म्हणत नव्हता. तिला अजूनही उठून जाता येईल, एवढीच जागा तो ठेवत होता.

तिनं नाव सांगितलं. मशीनवर दुसरं काहीतरी छापलं जात होतं, त्या खडखडाटात तिचं तिलाच ऐकू आलं नाही, म्हणून पुन्हा सांगावं लागलं. प्रभा वेणीमाधव मोहोळकर. सिद्धप्पानं खिळे जुळवायची स्टिक हातात घेतली आणि खणांतून एकेक खिळा उचलायला लागला. मास्तरांचं नाव जुळवताना त्याचा हात क्षणभर थांबला. प्रभाला वाटलं, ही भीती आता कायमचीच, जेवताना, झोपताना, हिच्यासकटच राहावं लागणार. संध्याकाळी सिद्रामप्पा गठ्ठे न्यायला येतो, त्याच्याकडे देऊ का, असं सिद्धप्पानं सवयीनं विचारलं. ती म्हणाली, नको, झाले तेवढे मीच नेते.

वैरागच्या बाजारात ती दुसऱ्या दिवशी सकाळी एस.टी.तून उतरली तेव्हा मांडीवर ठेवलेल्या गठ्ठ्यानं तिच्या साडीवर शाईचा डाग पडला होता. पुरुषांनी पत्रकं घेतली, घडी करून टोपीत खोचली. गुरांच्या बाजाराच्या कडेला एक बाई शेळीचं दावं पायाखाली धरून बसली होती. तिनं पत्रक घेतलं, उलटंसुलटं पाहिलं आणि परत पुढं केलं. वाचून दाखव म्हणाली. प्रभानं वाचून दाखवलं. कडब्याच्या ओळीला बाईनं मध्येच थांबवलं.

"ते आमी टाकतोच की, शेन काडताना. पन औंदा कडबा कुटं हाय? दोन म्हशी हायत, उद्यापास्नं खोडव्यात सोडायच्या म्हनत होतो. म्हयना-सव्वाम्हयन्याचा झालाय."

नका सोडू, प्रभा म्हणाली. कणीस येईपर्यंत नका सोडू. बाई तिच्याकडे बघत राहिली. साडीवरचा डाग, हातातला गठ्ठा, मोकळा गळा, एकेक करून सगळं तिनं पाहून घेतलं.

"कुनी लिवलंय हे?"

"मी."

"तू?"

"हो. मी लिहिलंय. प्रभा मोहोळकर. खाली नाव आहे, पत्ता आहे."

बाईला वाचता येत नव्हतं, तरी ती प्रभानं बोट ठेवलेल्या जागेकडे वाकून बघत राहिली. मग तिनं पत्रकाची घडी घातली, कनवटीला खोचली आणि शेळीचं दावं हाताला गुंडाळत उठली. "मग न्हाय सोडत," ती म्हणाली, "भुसाचं बगते कुटं." आणि गर्दीत चालू लागली. प्रभाला तिला हाक मारून थांबवावंसं वाटलं. भूस मिळालं नाही तर काय, म्हशी किती दिवस उपाशी राहतील, आपण जे लिहिलं ते सगळं बरोबर आहे ना, पुन्हा एकदा बघायला हवं. पण बाई तिचं ऐकून केव्हाच निघून गेली होती.